पेमेंट गेटवे निवडताय? दर शेवटी विचारा

ऑनलाइन विक्री सुरू करणारा जवळपास प्रत्येक जण पहिला प्रश्न विचारतो तो असा : "कुणाचा दर कमी आहे?" वेबसाइट तयार असते, फोटो चढवून झालेले असतात, आता फक्त गिऱ्हाइकाने कार्डाने पैसे भरावेत यासाठी एखादी कंपनी जोडायची असते. रेझरपे, कॅशफ्री, पेयू, सीसीअ‍ॅव्हेन्यू, बिलडेस्क अशी नावं समोर येतात. प्रत्येकाच्या पानावर मोठ्या अक्षरात दोन टक्क्यांच्या आसपासचा आकडा असतो आणि त्याच्या शेजारी चांदणी. त्या चांदणीचा खुलासा पानाच्या तळाशी बारीक अक्षरात सापडतो.

सप्टेंबर २०२५मध्ये रिझर्व्ह बँकेने या कंपन्यांसाठीचे सगळे नियम एकत्र करून नवे निर्देश काढले. ऑनलाइन, दुकानातले आणि परदेशी असे तिन्ही प्रकारचे व्यवहार त्यांनी एकाच चौकटीत आणले. त्यामुळे विषय पुन्हा चर्चेत आहे, पण छोट्या विक्रेत्याला त्यातून काय घ्यायचं ते सहसा कुणी सांगत नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. दरातला फरक बहुतेक वेळा किरकोळ असतो. खरा फरक पडतो तो पैसा वाटेत अडकला की. म्हणून निवड करताना सगळं सुरळीत चाललेल्या दिवसाचा विचार करू नका, बिघडलेल्या दिवसाचा करा.

उदाहरण म्हणून देवगडच्या एक बागायतदार ताई धरू. ताई कल्पित आहेत, पण त्यांच्यासारख्या खऱ्या बऱ्याच आहेत. थेट पुण्या-मुंबईच्या घरी हापूस पाठवतात. दोन डझनांची पेटी, कुरिअरसकट तीन हजार रुपये.

### मधल्या माणसाचं काम काय?

गिऱ्हाइकाने 'पैसे भरा'वर बोट ठेवलं की दोन-चार सेकंदांत बरीच पळापळ होते. कार्डाची माहिती मधल्या कंपनीकडे जाते. तिथून ती एका बँकेकडे, त्या बँकेकडून व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपेच्या जाळ्यात, आणि तिथून गिऱ्हाइकाला कार्ड देणाऱ्या बँकेकडे पोहोचते. ती बँक ओटीपी मागते, खात्यात किंवा मर्यादेत पैसे आहेत का ते बघते आणि हो किंवा नाही सांगते. उत्तर त्याच वाटेने उलटं येतं. पैसे मात्र लगेच येत नाहीत. त्यांचा हिशेब नंतर होतो.

या मधल्या कंपन्या दोन प्रकारच्या असतात. जी फक्त तांत्रिक वाट पुरवते आणि पैशाला हात लावत नाही, ती पेमेंट गेटवे. जी गिऱ्हाइकाचे पैसे आधी स्वतःकडे जमा करून घेते आणि मग आपल्याला देते, ती पेमेंट अ‍ॅग्रीगेटर. रिझर्व्ह बँकेने १७ मार्च २०२०च्या नियमांत हा फरक स्पष्ट केला आणि अ‍ॅग्रीगेटरला परवाना सक्तीचा केला. बोलताना आपण दोघांनाही गेटवेच म्हणतो, पण छोट्या विक्रेत्याची गाठ पडते ती जवळपास नेहमी अ‍ॅग्रीगेटरशी.

ज्यांनी वाशीच्या बाजारात आंबा पाठवलाय त्यांना हा माणूस ओळखीचा वाटेल. तो अडत्या आहे. माल आपला, गिऱ्हाईक त्याच्या गाळ्यावर, पैसे आधी त्याच्याकडे, आणि कापून-सवरून उरलेली रक्कम पट्टीवर, म्हणजे हिशेबाच्या चिठ्ठीवर, लिहून आपल्याला. फळ-भाजीची अडत, म्हणजे अडत्याचं कमिशन, २०१६पासून खरेदीदाराकडून घ्यायची असा नियम झाला, इथली मात्र अजून विकणाऱ्याच्याच खिशातून जाते.

### तीन हजारांतले हातात किती?

क्रेडिट कार्डावर दोन टक्के दर धरला तर तीन हजारांवर साठ रुपये कापले जातात. त्या साठावर १८ टक्के जीएसटी म्हणजे १० रुपये ८० पैसे. ताईंच्या खात्यात २,९२९ रुपये २० पैसे येतात. 'दोन टक्के' प्रत्यक्षात २.३६ टक्के झाले ते असे.

जीएसटीत नोंदणी असलेल्या साडीवाल्याला हे १० रुपये ८० पैसे आपल्या करातून वजा करून मिळतात. ताईंना नाही. ताज्या आंब्यावर जीएसटीच नाही, त्यामुळे वजा करायला कर नाही, म्हणून हा खर्च त्यांच्या माथी कायमचा. दोन व्यावसायिकांना एकच दर मिळाला तरी तो सारखा पडत नाही तो यामुळे. आणखी एक बारकावा आहे. दोन हजार रुपयांपर्यंतच्या कार्ड-व्यवहारांच्या सेवेला जीएसटीतून सूट आहे, आणि ती रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखालच्या अ‍ॅग्रीगेटरनाही लागू होते, असा खुलासा जीएसटी परिषदेने डिसेंबर २०२४मध्ये केला. ताईंनी एका डझनाची पेटी विकली तर ती या मर्यादेत बसते. महिन्याचं बिल आलं की ही ओळ तपासून घ्यायला हरकत नाही.

कापलेले साठ रुपये एकट्या अ‍ॅग्रीगेटरच्या घशात जात नाहीत. त्यातला मोठा वाटा कार्ड देणाऱ्या बँकेचा, थोडा व्हिसा-मास्टरकार्डसारख्या जाळ्याचा, थोडा मधल्या बँकेचा, आणि उरलेला अ‍ॅग्रीगेटरचा. या एकूण कपातीला एमडीआर म्हणतात. क्रेडिट कार्डाच्या एमडीआरवर रिझर्व्ह बँकेने कमाल मर्यादा घातलेली नाही. डेबिट कार्डावर आहे : मागच्या वर्षीची उलाढाल २० लाखांपर्यंत असेल तर ऑनलाइन व्यवहारावर जास्तीत जास्त ०.४० टक्के आणि एका व्यवहाराला फार तर २०० रुपये. उलाढाल त्याहून मोठी असेल तर ०.९० टक्के आणि हजार रुपये. रुपे डेबिट कार्ड आणि यूपीआयवर १ जानेवारी २०२०पासून एमडीआर शून्य.

मग अ‍ॅग्रीगेटर 'सरसकट दोन टक्के' म्हणतो ते काय? अनेकदा त्याच्यात 'प्लॅटफॉर्म फी' नावाची त्याची स्वतःची फी मिसळलेली असते. म्हणून एकच आकडा ऐकून घेऊ नका. क्रेडिट कार्ड, डेबिट कार्ड, यूपीआय, नेटबँकिंग, ईएमआय आणि परदेशी कार्ड, प्रत्येकाचा दर वेगळा लिहून मागा. ताईंचे दहातले सात जण यूपीआयने भरणार असतील, तर क्रेडिट कार्डाच्या दरावरून घासाघीस करण्यात अर्थ नाही. यूपीआयवर प्लॅटफॉर्म फी किती, हाच त्यांचा प्रश्न.

### यूपीआय असताना कार्ड हवंच कशाला?

रास्त शंका आहे. शेजारपाजारच्या ओळखीच्या गिऱ्हाइकांवर धंदा चालत असेल तर क्यूआर कोड आणि व्हॉट्सअ‍ॅप पुरे. फक्त खातं व्यवसायाच्या नावाचं असू द्या. स्वतःच्या बचत खात्यात वर्षभर धंद्याचे पैसे घेत राहिलं की हिशेबाचा गुंता होतो. जुलै २०२५मध्ये कर्नाटकात छोट्या विक्रेत्यांना यूपीआयच्या नोंदींवरून जीएसटीच्या नोटिसा आल्या, तेव्हा बंगळुरूत किती गदारोळ झाला ते आठवत असेल.

कार्ड लागतं ते मोठ्या रकमेला, ईएमआयला आणि लांबच्या माणसाला. न्यू जर्सीत बसलेला मुलगा कोथरूडमधल्या आईवडिलांसाठी पेटी मागवतो तेव्हा त्याच्या हातात बहुधा तिथलंच कार्ड असतं. परदेशी कार्ड ही सोय अनेकदा आपोआप सुरू नसते, वेगळी मागावी लागते. दरही चढा, साधारण तीन टक्क्यांच्या पुढे. शिवाय बाहेरच्या कार्डांवर आपल्यासारखा ओटीपी असेलच असं नाही, त्यामुळे चोरीच्या कार्डाची जोखीम विक्रेत्यावर येते. पहिल्याच हंगामात ही सोय घ्यावीच असं मी म्हणणार नाही.

आणि यूपीआयने आलं म्हणजे फुकट, हेही पूर्ण खरं नाही. रुपे क्रेडिट कार्ड आता यूपीआयला जोडता येतं. गिऱ्हाईक क्यूआर स्कॅन करतं, पैसे मात्र क्रेडिट कार्डातून येतात. छोट्या विक्रेत्याला दोन हजारांपर्यंत याचा भार नाही, त्यापुढे कपात होऊ शकते. ताईंची पेटी तीन हजारांची आहे.

### दोन टक्क्यांपेक्षा मोठी गळती

गिऱ्हाईक पैसे भरायला बसलं, ओटीपी आलाच नाही किंवा पान गोल-गोल फिरत राहिलं, आणि त्याने मोबाइल बाजूला ठेवला. हा तोटा कुठल्याच पट्टीवर दिसत नाही.

समजा शंभर जण पैसे भरायला आले. एका कंपनीकडे त्यातले ऐंशी व्यवहार पूर्ण होतात, दुसरीकडे पंच्याऐंशी. दुसरीचा दर पाव टक्क्याने जास्त आहे. तीन हजारांच्या पंच्याऐंशी पेट्यांवर तो पाव टक्का साडेसहाशे रुपयांच्या आत बसतो, आणि पाच जास्तीच्या पेट्या म्हणजे पंधरा हजारांची विक्री. आकडे समजावण्यापुरते आहेत, पण गणित खरं आहे. अ‍ॅग्रीगेटरला त्याचा सक्सेस रेट विचारा, तोही प्रकारवार. विक्री सुरू झाली की स्वतःच्या डॅशबोर्डवर तो दर आठवड्याला बघा.

याहून त्रासाचा प्रकार म्हणजे गिऱ्हाइकाचे पैसे कापले जातात आणि आपल्याकडे ऑर्डरच येत नाही. गिऱ्हाईक चिडून आपल्यालाच फोन करणार. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९च्या परिपत्रकानुसार असे पैसे व्यवहाराच्या दिवसापासून पाच दिवसांत आपोआप परत जायला हवेत. त्यानंतर प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई गिऱ्हाइकाला मिळायला हवी. हे वाक्य व्हॉट्सअ‍ॅपवर तयार ठेवा, रोज लागेल. वेबसाइट करणाऱ्या मुलालाही एक गोष्ट बजावून सांगा. गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर 'यशस्वी' दिसलं म्हणून ऑर्डर पक्की धरायची नाही. अ‍ॅग्रीगेटरकडून आपल्या सर्व्हरला थेट निरोप येतो, त्याला वेबहुक म्हणतात. तो आला तरच पेटी बांधायची.

### पैसे आले, पण थांबवून ठेवले

आता मूळ दुखणं. जमा झालेले पैसे आपल्या बँक खात्यात टाकण्याला सेटलमेंट म्हणतात. बोलीत 'टी प्लस टू' म्हणजे व्यवहारानंतर कामकाजाचे दोन दिवस. शुक्रवारी संध्याकाळी झालेली विक्री, शनिवारी बँक बंद असेल तर मंगळवारी हातात. तोवर खोके, पेंढा, कुरिअर आणि तोडणीची मजुरी खिशातून. लगेच पैसे देण्याची सोय असते, पण तिला वेगळी फी.

हे झालं सरळ दिवसाचं. हंगामी धंद्याचा दिवस सरळ नसतो.

ताईंचं खातं जूनपासून फेब्रुवारीपर्यंत जवळपास कोरडं. गुढीपाडव्याला बुकिंग सुरू होतं आणि अक्षय तृतीयेच्या आठवड्यात चार-पाच लाखांची उलाढाल होते. अ‍ॅग्रीगेटरच्या संगणकाला आंब्याचा हंगाम कळत नाही. त्याला एवढंच दिसतं की नऊ महिने झोपलेलं खातं अचानक जागं झालं, पैसे आगाऊ घेतलेत आणि माल अजून पोचलेला नाही. फसवणूक करणारेही नेमके असेच वागतात : वेबसाइट उघडायची, आगाऊ पैसे गोळा करायचे आणि पसार व्हायचं. मग अ‍ॅग्रीगेटर सेटलमेंट थांबवतो आणि कागद मागतो. कधी प्रत्येक सेटलमेंटमधला काही हिस्सा काही महिने राखून ठेवतो, त्याला रोलिंग रिझर्व्ह म्हणतात.

राग येतो, पण त्याची बाजूही समजून घ्यायला हवी. विक्रेता पळून गेला तर गिऱ्हाइकांचे पैसे बँक अ‍ॅग्रीगेटरकडूनच वसूल करणार. प्रश्न तो थांबवतो का हा नाही, थांबवल्यावर सुटका किती दिवसांत होते आणि फोन कोण उचलतं, हा आहे. इथे कंपन्या-कंपन्यांत खरंच जमीन-अस्मानाचा फरक असतो आणि तो जाहिरातीत कधीच दिसत नाही. तो कळतो आपल्यासारखाच माल विकणाऱ्या, निदान एक हंगाम काढलेल्या माणसाकडून. आंबेवाल्याने आंबेवाल्याला विचारावं. कपडेवाल्याचा अनुभव इथे उपयोगी नाही, कारण जोखमीचं मोजमाप मालाप्रमाणे बदलतं.

थोडी तयारी आपल्या हातात असते. हंगामाच्या महिनाभर आधी अ‍ॅग्रीगेटरला ईमेल करून कळवायचं की एप्रिल-मेमध्ये इतकी उलाढाल अपेक्षित आहे, मागच्या वर्षीची बिलं सोबत जोडली आहेत. पॅन, उद्यम नोंदणी किंवा गुमास्ता, खाद्यपदार्थ असल्याने एफएसएसएआयची नोंदणी, बागेचा सातबारा, हे सगळं एका फोल्डरमध्ये. वेबसाइटवर पत्ता, फोन, परतावा धोरण आणि माल किती दिवसांत पोचेल हे स्पष्ट लिहिलेलं. खातं आंब्याचं म्हणून उघडलं आणि पावसाळ्यात त्यावर चांदीचे दागिने विकायला घेतले तर खातं बंद पडू शकतं. नवा माल आला की तो आधी कळवा.

### चार्जबॅक : विकलेला आंबा ऑगस्टमध्ये परत येतो

गिऱ्हाईक आपल्याशी न बोलता थेट बँकेकडे जाऊन म्हणतं, 'हा व्यवहार मला मान्य नाही.' बँक पैसे उलटे ओढते. याला चार्जबॅक म्हणतात. बऱ्याच प्रकारच्या तक्रारींसाठी व्हिसा आणि मास्टरकार्डच्या नियमांत साधारण १२० दिवसांची मुदत असते. एप्रिलच्या पेटीची तक्रार ऑगस्टमध्ये येऊ शकते. आंबा संपलेला असतो, कोयसुद्धा उरलेली नसते.

तक्रार आली की अ‍ॅग्रीगेटर ती रक्कम पुढच्या सेटलमेंटमधून वळती करून घेतो आणि मोजक्या दिवसांत पुरावा मागतो. मुदत चुकली की हरलो. पुरावा म्हणजे बिल, कुरिअरची पोच (सही किंवा ओटीपीसह), गिऱ्हाइकाशी झालेलं व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं, आणि पैसे भरण्याआधी त्याने मान्य केलेलं परतावा धोरण. 'कार्ड मी वापरलंच नाही' या तक्रारीत आपल्याकडच्या ओटीपीमुळे विक्रेता बराच सुरक्षित असतो. 'माल आला नाही' किंवा 'सांगितला तसा नव्हता' या तक्रारींत ओटीपीचा काही उपयोग नाही.

नाशवंत मालात 'सांगितला तसा नव्हता' ही तक्रार येणारच. म्हणून धोरणात मोघम लिहू नका. 'पेटी मिळाल्यापासून २४ तासांत उघडतानाचा व्हिडिओ पाठवा, खराब फळांचे पैसे परत' असं काहीतरी ठोस लिहा, आणि पाळा. चार फळांचे तीनशे रुपये आनंदाने परत करणं हे चार्जबॅकपेक्षा नेहमीच स्वस्त. कारण चार्जबॅकवर अनेक कंपन्या वेगळा दंडही लावतात, आणि प्रमाण वाढलं की खातंच जोखमीच्या यादीत जातं.

परताव्यातही एक मेख आहे. पूर्ण तीन हजार परत केले तरी सुरुवातीला कापलेले ७० रुपये ८० पैसे बहुतेक कंपन्या परत देत नाहीत.

### ही कंपनीच बुडाली तर?

परवानाधारक अ‍ॅग्रीगेटरला विक्रेत्यांचे पैसे स्वतःच्या खात्यात मिसळता येत नाहीत. ते शेड्यूल्ड व्यापारी बँकेतल्या एस्क्रो नावाच्या वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. परवान्यासाठी अर्ज करताना कंपनीची निव्वळ मालमत्ता १५ कोटी आणि तिसऱ्या आर्थिक वर्षाअखेर २५ कोटी रुपये असावी लागते. परवाना मिळालेल्यांची यादी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर आहे. ज्यांचं नाव तिथे नाही आणि जे बँकही नाहीत, त्यांचा दर अर्धा टक्का असला तरी पुढे जाऊ नका.

यादीतल्या कंपनीवरही वेळ येऊ शकते. डिसेंबर २०२२मध्ये रेझरपे आणि कॅशफ्री यांना नवे विक्रेते घेणं थांबवावं लागलं होतं, ते अंतिम परवाना मिळाल्यावर डिसेंबर २०२३मध्ये पुन्हा सुरू झालं. जुन्या विक्रेत्यांचं काम चालू होतं, पण त्या वर्षात नव्याने दारात उभे असलेल्यांना दुसरी वाट शोधावी लागली.

गिऱ्हाइकाच्या कार्डाचा नंबर आपल्याकडे राहील आणि चोरीला जाईल, ही भीती आता बाळगायचं कारण नाही. १ ऑक्टोबर २०२२पासून विक्रेत्याला किंवा अ‍ॅग्रीगेटरला कार्डाचा पूर्ण नंबर साठवताच येत नाही, त्याच्या जागी टोकन नावाचा बदली नंबर असतो. कुणी फोनवर कार्ड नंबर सांगत असेल तर वहीत लिहून घेऊ नका, पेमेंट लिंक पाठवा.

### बँकेकडूनच घेतलं तर?

घेता येतं, आणि बँकेला यासाठी वेगळा अ‍ॅग्रीगेटर परवाना लागत नाही. खातं जुनं आणि मॅनेजर ओळखीचा असेल तर अडकलेल्या पैशासाठी शाखेत जाऊन उभं राहता येतं, हा फायदा कमी नाही. मात्र सुरुवातीच्या कागदपत्रांना वेळ जातो, आणि वेबसाइटला जोडण्याची व्यवस्था बऱ्याचदा किचकट असते.

### दोन टक्के गिऱ्हाइकाकडूनच घेऊ का?

डेबिट कार्डावर नाही. एमडीआर गिऱ्हाइकावर टाकला जाणार नाही हे बँकांनी बघावं, असं रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०१७मध्येच सांगितलंय. क्रेडिट कार्डावर तुमच्या करारात काय लिहिलंय ते वाचा, बहुधा मनाईच असते. त्यापेक्षा पेटीचा भाव ठरवतानाच सत्तर रुपये धरा. शेवटच्या पायरीवर वाढलेली रक्कम बघून जितकी गिऱ्हाइकं परत फिरतात, तितकी भाव थोडा जास्त असल्याने फिरत नाहीत.

### सही करण्याआधी

खातं सुरू झालं की स्वतःच्या कार्डाने दहा रुपये भरून बघा. मग ते परत करून बघा. सेटलमेंट कधी आलं, किती कापलं, परतावा किती दिवसांनी पोचला, हे सगळं पट्टीवर तपासा. एक मुद्दाम केलेली शंका हेल्पलाइनवर विचारा, रविवारी. उत्तर माणसाकडून येतं की यंत्राकडून, आणि किती वेळाने, हे तेव्हाच कळतं.

करारात चार ओळी शोधा : सेटलमेंट थांबवण्याचा अधिकार कुठल्या परिस्थितीत, थांबवल्यास जास्तीत जास्त किती दिवस, चार्जबॅकचा दंड किती, आणि खातं बंद केल्यावर राखलेली रक्कम कधी परत. तक्रार निवारणासाठी नोडल अधिकाऱ्याचं नाव-पत्ता वेबसाइटवर देणं अ‍ॅग्रीगेटरला बंधनकारक आहे. तो आत्ताच उतरवून घ्या.

आणि जमल्यास दुसऱ्या कंपनीकडेही कागदपत्रं देऊन खातं उघडून ठेवा, एकही व्यवहार केला नाही तरी चालेल, फक्त वर्षाची ठरावीक फी नाही ना तेवढं बघा. हे काम जानेवारीत उरकायचं. मोहोर धरल्यावर वेळ मिळत नाही.